रथसप्तमीनंतरचा काळा रंग

३ जाने. २०२६, शनिवार

खटक्-खट्, खटक्-खट्. पहाटे त्या आवाजानं जाग आली. उठून बसलो, तर कुठं काही नाही. गल्लीतले माग कधीचे बंद पडलेत. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून मागाचा कारखाना होता. गुरुजी त्याच ठेक्यावर कविता म्हणून घ्यायचे. धोटा अडकून माग थांबला की आम्हीही ओळीच्या मध्येच गप्प. गुरुजी म्हणायचे, "थांबा, धागा जोडतायत." मग माग सुरू, कविता सुरू.

चहा, पेपर. पुरवणीत सदर आलंय. 'मोसम आणि पेहराव'. खाली नाव, सुमन. या वेळी बटर यलो. परदेशातल्या रॅम्पवर म्हणे सगळीकडं तोच रंग. मी लिहिलं, लोण्यासारखा पिवळा, सावळ्या अंगाला खुलतो, ओढणीपासून सुरुवात करा.

शेजारची पद्माक्का गच्चीवरून: "काय सुमनताई, म्हशीचं लोणी पांढरं असतंय की."

खरंय. गाईच्या लोण्यासारखा म्हणायला हवं होतं. प्रुफं तपासण्यात जन्म गेला आणि म्हैस सुटली.

सदर मी लिहितो हे दोघींनाच ठाऊक. एक अक्का. ती साड्यांना फॉल-बिडिंग करते, कापडातलं अडलं की तिलाच विचारतो. दुसरी पेपरातली स्नेहल. ती इंग्रजी मजकूर मोबाइलवर पाठवते, मी तो मराठीत आणि सोलापुरात आणतो. सुरुवातीला म्हणाली होती, "आजोबा, फॅशनचं सदर आहे, नाव बाईचं हवं." मी विचारही न करता बायकोचं सांगितलं, सुमन. तिला जाऊन तेव्हा साडेचार वर्षं झाली होती. आता सहा. आठवड्यातून एकदा तिचं नाव छापून येतं. दर वेळी मीच तपासतो, काना-मात्रा ठीक आहे ना.

७ जाने., बुधवार

स्ने.चा मजकूर आला. थंडीच्या रॅम्पवर या वर्षी सगळं काळं. डोक्यापासून पायापर्यंत. लोकरीवर मखमल, मखमलीवर चामडं, आणि कसं घालावं तर एकावर एक तीन थर. मी दुपारी पंखा लावून हे वाचतोय. तीन थर घालून इथली बाई नव्या पेठेपर्यंत पोचायची नाही.

म्हणून चामडं काढलं, मखमल काढली. काळी साडी ठेवली.

आणि मग लिहीतच गेलो. शाळेतल्या कवितेत काळा रंग कधी वाईट नव्हता. ढग काळे, कोकिळा काळी, पाटी काळी, शेताला तर काळीच म्हणायचे. सु.ची पहिली संक्रांत आठवली. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने. बाजूबंदाला मुंग्या लागल्या होत्या. बायका ओवाळत होत्या आणि तिनं दंड जराही हलवला नाही. रात्री म्हणाली, तीन चावल्या.

शेवटी लिहिलं: 'या दिवसांत महत्त्वाच्या भेटीलाही काळी साडी निःशंक नेसा. तोच मोसमाचा रंग आहे.'

बरा उतरलाय लेख. बऱ्याच दिवसांनी.

१० जाने., शनिवार

पुरवणी आली, सदर नाही. स्ने.: "संक्रांतीच्या जाहिराती आल्या आजोबा, पान गेलं. पुढं लावते." गुडघा दुखतोय.

१४ जाने., बुधवार. संक्रांत

अक्कानं तिळगूळ आणून दिला. स्वतः काळ्या साडीत. म्हणाली, "तुमचा लेख न वाचताच नेसले बघा."

कोपऱ्यापर्यंत जाऊन सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज पाहिले. पुढं उभं राहवत नाही, भिंतीला टेकून पाहिले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, रस्ता भरून, आणि दोन्ही कडेला काळ्या साड्या. रॅम्प रॅम्प म्हणतात तो वेगळा काय असणार. फक्त इथं दर वर्षी तेच कपडे आणि कुणाला कंटाळा नाही.

घरी आल्यावर झोपलो. संध्याकाळ गेली.

२५ जाने., रविवार. रथसप्तमी

अंगणात कुणी दूध उतू घालत नाही आता. अक्काकडं शेवटचं हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलचा डबा. मलाही एक. "सुमनताईंचा मान," म्हणते. बायका हसल्या, त्यांना वाटलं सु.ची आठवण काढली.

दरम्यान ठिपक्यांचा लेख गेला. नंतर फुग्याच्या बाह्यांचा. आमच्या वेळी आयांच्या पोलक्याला असायच्या तशाच. काही संपत नाही, नुसतं फिरून येतं. असं लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही.

२९ जाने., गुरुवार

जेवून पडलो होतो. स्ने.चा फोन. "आजोबा, या आठवड्याचं अजून आलं नाही. तो काळ्या साडीचा राहिलाय, तो लावू का? एकदा बघून घेता?"

मी म्हटलं, "लावा." डोळा लागत होता.

३१ जाने., शनिवार

काळ्याचा लेख आला. मथळा सुरेख जुळलाय, एकही चूक नाही. वाचून स्वतःवर खूश झालो. बिगारीतल्या पोराला पाटीवर चांदणी मिळाली की होतं तसं.

९ फेब्रु., सोमवार

स्ने.नं एका वाचक मुलीचा मेल पाठवलाय. वर नुसतं, 'आजोबा, हे बघा.' उतरवून ठेवतो. वर डाव्या बाजूला नाव, गाव, पूर्ण पत्ता, शाळेत पत्रलेखनात शिकवतात तसा.

'ताईंना नमस्कार. मी अश्विनी. मंद्रूपची हाय. रोज सोलापूरला शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात चेकिंगला येते. जेवणाच्या सुट्टीत आमी सगळ्या पोरी तुमचं सदर वाचतो. १ तारखेला रविवारी मला बघायला मोहोळचे पाहुणे आले. आदल्या दिवशीच तुमचा लेख आलता. म्हणून मी आईची काळी इरकल नेसले. आई नको म्हणत होती. मी म्हणलं, ताईंनी लिहिलंय. मुलाच्या आईनं साडीकडं बघितलं आन् पोह्याची बशी खाली ठेवली, ती परत उचलली न्हाय. आता आठ दिवस झाले, निरोप न्हाय. वडील माझ्याशी बोलत न्हाईत, आईला बोलतात. मुलगा चांगला हाय ताई. शिवणीतली चूक कशी ओळखते म्हणून त्यानं मला विचारलं आन् मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. माझं काय चुकलं ते सांगा.'

चार वेळा वाचलं.

'या दिवसांत.' दोन शब्द. लिहिताना ते संक्रांतीचे दिवस होते. संक्रांत ते रथसप्तमी काळं चालतं, पुढं शुभ कामाला नाही, एवढं कुणाला सांगावं लागतं? म्हणून संक्रांत हा शब्दच घातला नाही. लेख छापला रथसप्तमी होऊन सहा दिवसांनी. आणि 'एकदा बघून घेता?' असं मला विचारलं होतं.

दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतला मी उभा जन्म.

१० फेब्रु., मंगळवार

अक्काला वाचून दाखवलं. हातातली सुई थांबली.

"बघायच्या दिवशी काळी? आन् तुम्ही लिहिलं म्हणून?"

"हो."

"ताई असत्या तर कानाला धरलं असतं तुमच्या."

धरलं असतंच. सु. माझं लिहिलेलं काही छापायला जाण्याआधी वाचायची. फार बोलायची नाही. बोट ठेवायची फक्त.

मला लागतंय ते हे, की त्या पोरीनं आईला 'ताईंनी लिहिलंय' म्हणून सांगितलं. आईचं ऐकलं नाही, सुमनचं ऐकलं. आणि सुमननं तसं कधीच सांगितलं नसतं.

११ फेब्रु., बुधवार

खुलासा लिहिला. चार ओळी. लेख संक्रांतीसाठी होता, उशिरा छापला गेला. तपासायला सांगितलं असताना मी तपासला नाही. ज्या मुलीनं त्यावर विश्वास ठेवला तिची चूक नाही, तिच्या पाहुण्यांनीही तसं समजू नये. आणि हे सदर लिहिणारा चौऱ्याहत्तर वर्षांचा पुरुष आहे, सुमन त्याची दिवंगत पत्नी.

स्ने.चा फोन लगेच. "आजोबा, पहिली ओळ लावते. बाकीचं नको."

"का?"

"बायका वाचतात हो. त्यांना वाटेल फसवलं."

"फसवलंच आहे."

तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "हे छापलं तर सदर बंद होईल. साहेब ठेवणार नाहीत. तुम्हाला चालेल?"

हो म्हणायला हवं होतं.  म्हटलं, "उद्या सांगतो."

१२ फेब्रु.

सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

१४ फेब्रु., शनिवार

एकच ओळ आलीय. पानाच्या तळाशी, बारीक टाइपात: 'काळ्या साडीविषयीचा मजकूर संक्रांतीच्या दिवसांपुरता होता.' वर अर्धं पान लाल कपडे, आज म्हणे प्रेमाचा दिवस. मीच लिहिलंय तेही. गडद लाल, ओठांना तोच, नखांना तोच.

ती एक ओळ मोहोळात कोण वाचणार.

१६ फेब्रु., सोमवार

हातानं पत्र लिहिलं. पाच कागद फाडले. अक्षर वाकडं येतं, आणि असल्या पत्राचं अक्षर सरळ हवं.

'चि. अश्विनीस. मी सुमन नाही, सुमनचा नवरा आहे. चूक पूर्ण माझी आहे. तुझी नाही, तुझ्या आईची तर मुळीच नाही, त्यांचं ऐकायला हवं होतं. हे पत्र मुलाच्या आईला दाखवलंस तर बरं. त्यांना खात्री करायची असेल तर पत्ता आणि फोन खाली देत आहे.' खाली स्वतःचं नाव. सदराखाली सही करताना हात कधी अडला नव्हता, स्वतःच्या नावाला अडला.

रिक्षानं पोस्टात गेलो. तिथला बाबू म्हणाला, "काका, फोन करायचा की." मी म्हटलं, फोन दाखवता येत नाही कुणाला.

पत्र लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही नाही.

२१ फेब्रु., शनिवार

दुपारी फोन. मागं मशिनींची घरघर.

"मी अश्विनी बोलतेय. ताई... न्हाय, आजोबा."

"बोल बाळ."

"पत्र मिळालं."

"रागावलीस?"

"न्हाय ओ. जरा वेळ कळंनाच काय चाललंय. मग हसले." आणि खरंच थोडी हसली. "पोरींना सांगितलं न्हाय अजून. सांगू का?"

"सांग की."

"सांगितलं तर मग डब्याच्या वेळेला वाचायचं काय?"

मी विचारलं, मोहोळला दाखवलंस का. आवाज बारीक झाला. पत्र मामांच्या हातून पाठवलं म्हणे. पण मामाच म्हणाले, ह्याच्यावर कोण इश्वास ठेवील, पेपरात बाई आन् पत्रात म्हातारा. वडिलांना वाटतंय तिनंच कारखान्यातल्या कुणाकडून लिहून घेतलं.

"तुझ्या वडिलांशी बोलू मी?"

"नको. तुमच्याशी बोलले तर म्हणतील, किती पैसे दिले म्हाताऱ्याला."

पुन्हा हसायला गेली, तितक्यात घंटा झाली. "जाते आजोबा. पुढचं सदर कशावर हाय?"

एवढं विचारून फोन ठेवला.

म्हणजे मदत म्हणून पत्र लिहिलं आणि तिच्यावर खोटेपणाचा आळ आणला. आधी नुसती साडी काळी होती.

२३ फेब्रु., सोमवार

दिवसभर पडून. चिरंजीवांचा पुण्याहून फोन. "बाबा, कशाला त्या लोकांच्या भानगडीत?" त्याला सदराचं आजच सांगितलं.  मग म्हणाला, "आईच्या नावानं?" आवाजात राग होता की दुसरं काही, फोनवर कळत नाही. "मला सांगितलं असतं तर मी पेपर मागवला असता."

२६ फेब्रु., गुरुवार

ऊन वाढलं. स्ने.कडून उन्हाळ्याच्या रॅम्पचा मजकूर आलाय. सैल शर्ट, तागाचं कापड, पांढऱ्यावर पांढरं, घेरदार विजार. कसं घालावं: एक माप मोठं घ्या, बाह्या दुमडा. इथली म्हातारी माणसं हे पन्नास वर्षं घालतायत.

एक ओळ लिहिली. खोडली. पूर्वी ओळ अडली की मी मोठ्यानं कविता म्हणायचो. कुठलीही, चौथीतली, सहावीतली. म्हणता म्हणता ओळ सुटायची. आज म्हणून पाहिली, दुसऱ्या कडव्यात विसरलो. धागा जोडणारं कुणी नाही.

अक्कानं भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली. वर निरोप, "रिकाम्या पोटी फॅशन करू नका."

२८ फेब्रु., शनिवार

सदर नाही. पहिल्यांदाच माझ्यामुळं नाही.

स्ने.ला लिहून पाठवलं: ते चार ओळींचं सगळं छापा. सदर बंद झालं तर होऊ द्या. पाठवल्यावर मोबाइल पालथा ठेवला. संध्याकाळी उचलला. तिचं उत्तर: 'साहेबांशी बोलते. सोमवारी सांगते. आजोबा, मला वाईट वाटतंय.' मलाही वाटतंय, पण त्यासाठी थांबवत नाही.

सु., पुढच्या शनिवारी तुझं नाव शेवटचं येईल, नाही तर येणारच नाही.

१ मार्च, रविवार

सकाळचे अकरा. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून लिहितोय. चहा ठेवलाय.

घडलं ते असं. कडी वाजली. मला वाटलं अक्का. दारात पन्नाशीची बाई. हिरवी सुती साडी, हातात पिशवी, एसटीनं आल्याचा शीण तोंडावर. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. माझंच अक्षर.

"हे लिवणारं तुमीच का?"

"हो."

"मी मोहोळची. मंद्रूपला पोरगी बघाय गेलो होतो, त्या पोराची आई."

 या म्हटलं. त्यांनी एक चप्पल काढली आणि माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"घरात बाईमाणूस?"

"नाही. मी एकटाच."

दुसरी चप्पल पायातच राहिली. मी अक्काला हाक मारली. ती फॉलची साडी खांद्यावर तशीच घेऊन आली. मग बाई आत आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, भिंतीवरच्या सु.च्या फोटोकडं पाहत राहिल्या.

"ह्या ताई व्हय?"

"हो."

"पोराला न सांगता आलेय," म्हणाल्या. "त्येला पोरगी पसंत हाय. मालक म्हणत्यात, चिट्ठी बनावट, आसं कुणी म्हातारं न्हाय. मी म्हणलं, पत्ता दिलाय तर बघून तरी येते."

अक्का म्हणाली, "बघितलं न्हवं? हाय की जितं म्हातारं."

बाईंच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. पदर सावरून माझ्याकडं वळल्या.

"एक इच्चारते. खरं सांगा. त्या पोरीनं तुमाला लिवाय लावलं का?"

"नाही. तिला पत्र मिळेपर्यंत मी कोण हेही ठाऊक नव्हतं."

"मग ना नात्याची ना गोत्याची. येका पोरीच्या साडीपायी येवढा जीव कशाला काढताय?"

मी म्हटलं, "चहा ठेवतो."

तो ठेवून इथं उभा आहे. खरं सांगायचं तर पोरीसाठी म्हणूनही लिहिलं, आणि सुमनच्या नावाला लागलेलं पुसायचं म्हणूनही लिहिलं. दुसरं सांगितलं तर म्हणतील, म्हातारा स्वतःचंच बघतोय, पोरीचं काय त्याला. नाही सांगितलं तर आज पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. या बाईला अर्धं सांगून चालायचं नाही, तीस-चाळीस किलोमीटर खरं-खोटं पाहायला आलीय.

बाहेर दोघी कापडाबद्दल बोलतायत. अक्का फॉल दाखवतेय बहुतेक. चहाला उकळी आली. तीन कप काढलेत.